वही कुणाच्या हातात? सुप्याच्या कर्जरोख्यापासून सिरसाळ्याच्या ‘सिबिल’पर्यंत

परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यात आमची रविवारची बैठक विहारात भरते. वंदना झाली की कुणाचा जातीचा दाखला अडलेला असतो, कुणाची शिष्यवृत्ती, कुणाचे घरकुल. मागच्या वर्षी एका बैठकीत एक तरुण उठला. बारावी झालेला, मालवाहू टेम्पो घ्यायचा म्हणून कर्ज मागायला गेलेला. म्हणाला, “दादा, सायबानं फाईल उघडली बी नाही. नुसता कम्प्युटर बघितला अन् म्हणला, तुझं सिबिल खराब हाय.”

आम्ही विचारले, “खराब म्हणजे काय खराब?”

“ते मी इचारलं नाही.”

“अन् त्यांनी सांगितलं नाही?”

“नाही.”

त्याची आई शेजारी बसली होती. बावीस हंगाम ऊस तोडलेली बाई. ती म्हणाली, “आमी कुणाचा रुपाया बुडिवला नाही. मंग ह्येचं नाव खराब कसं?”

हा लेख त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर आहे. पण उत्तर द्यायला दीडशे वर्षे मागे जावे लागेल. कारण आपल्याबद्दल कुणीतरी काहीतरी लिहून ठेवतो, ते आपल्याला दाखवत नाही आणि त्याच लिखाणावर आपले आयुष्य ठरवतो, ही गोष्ट कम्प्युटरबरोबर आलेली नाही. ती फार जुनी आहे.

सुपे, १२ मे १८७५

पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यातले सुपे हे बाजाराचे गाव. १२ मे १८७५ रोजी तिथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरले. इतिहासाच्या पुस्तकात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. शाळेत आपण दोन गुणांच्या प्रश्नासाठी ते पाठ केलेले असते. पण दंगेखोरांना काय हवे होते, हे नीट बघितले पाहिजे.

त्यांना हवे होते कागद. कर्जरोखे, गहाणखते, हुकूमनामे, खातेवह्या. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले, तिथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही. कागद हाती आले की चौकात जाळले गेले. नंतर सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगानेही हेच नोंदवले की जमावाचा मुख्य रोख रोख्यांवर होता.

का? कारण त्या कागदात काय लिहिले आहे हे शेतकऱ्याला माहीत नव्हते. लिहिणारा दुसरा, वाचणारा दुसरा. शेतकऱ्याने फक्त खाली नांगराची निशाणी करायची. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने भर घातली. साध्या रोख्यावर दावा लावायला तीन वर्षांची मुदत ठरली. ऋणकोच्या भल्यासाठी केलेला हा नियम सावकाराने उलटा वापरला. दर दोन-तीन वर्षांनी जुना रोखा बदलून नवा करायचा, थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे आणि वाढलेल्या रकमेवर पुन्हा व्याज लावायचे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव १८६५ नंतर कोसळला, सरकारने शेतसारा वाढवला आणि शेतकरी या कागदात पुरता अडकला. किती घेतले, किती फेडले आणि किती उरले, या तीनही प्रश्नांची उत्तरे एकाच वहीत होती आणि ती वही सावकाराच्या पेटीत होती.

पासबुकाचा हक्क

दंग्यांनंतर चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. या कायद्याने कोर्टाला सांगितले की नुसता रोखा बघून निकाल देऊ नका, व्यवहार पहिल्यापासून तपासा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले.

पण आमच्या दृष्टीने त्या कायद्यातली सर्वांत महत्त्वाची कलमे वेगळी आहेत. कलम ६४ ने शेतकऱ्याला पैसे भरल्याची लेखी पावती मिळण्याचा हक्क दिला. कलम ६५ ने वर्षातून एकदा मागणी केल्यावर आपल्या खात्याचा हिशेब मिळण्याचा हक्क दिला. कलम ६६ ने पासबुक ठेवून घेण्याचा हक्क दिला. हे देण्याचे टाळणाऱ्या सावकाराला पुढच्या कलमात दंड ठेवला.

म्हणजे ‘माझ्या नावावर काय लिहिले आहे ते वर्षातून एकदा मला दाखवा’ हा हक्क या महाराष्ट्रात १८७९ पासून कायद्याच्या पुस्तकात आहे. आज रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे वर्षातून एकदा फुकट पत-अहवाल मिळतो म्हणून आपण त्याला नव्या जमान्याची सोय समजतो. ती सोय नाही. सुप्याच्या चौकात पेटलेल्या कागदांतून मिळालेला तो हक्क आहे.

मग त्या हक्काने शेतकरी सुटला का? नाही. कारण कायद्यातले दोन शब्द, ‘मागणी केल्यावर’. मागणी कोण करणार? ज्याला वाचता येत नाही, तो हिशेबाचा कागद मागून काय करणार? आणि पुढच्या पेरणीला ज्याच्या दारात जायचे आहे, त्याच्याकडे पासबुक मागायची छाती कुणाची? १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतिराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ अविद्येत दाखवले, ते याच काळात. कायदा हक्क देतो. तो वापरायला अक्षर लागते आणि मागे उभी राहणारी माणसे लागतात.

आपल्या बीडला तर हा कागदावरचा हक्कही मिळाला नाही. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सुप्याचा कायदा इथे लागू नव्हता. आणि गावकुसाबाहेरच्या आपल्या माणसांची अवस्था शेतकऱ्याच्याही खालची. शेतकऱ्याकडे गहाण ठेवायला निदान जमीन होती. आपल्या आज्या-पणज्यांकडे गहाण ठेवायला फक्त अंगमेहनत होती. सालगडी म्हणून राहायचे, लग्नाला किंवा दुखण्याला चार पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत राबायचे. फिटले की नाही हे मालक सांगणार.

बाबासाहेब आणि पैशाचे शास्त्र

आपल्या चळवळीत बाबासाहेबांची घटनाकार ही ओळख घट्ट आहे. अर्थतज्ज्ञ बाबासाहेब भाषणात एका वाक्यापुरते येतात. पण त्यांचे ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९२५ मध्ये त्यांनी भारतीय चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली. त्याच वर्षापासून १९२८ पर्यंत ते मुंबईत बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्र शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. ज्यांच्या हाताला वही लागू द्यायची नाही असे मनूने ठरवले, त्या समाजातला माणूस मुंबईत हिशेबनीस होऊ पाहणाऱ्यांना कायदा शिकवत होता. आम्हाला ही गोष्ट लहान वाटत नाही.

१९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक आणले. त्या लढ्याचा गाभाही हिशेबाचाच होता. काम किती, मोबदला किती आणि हे ठरवणार कोण? वतनाच्या नावाखाली अमर्याद राबवून घेणे आणि मोबदला म्हणून बलुत्याची भीक टाकणे, हा व्यवहार त्यांनी कायद्याच्या भाषेत मोजायला लावला. ‘शिका’ या शब्दात हेही आले. आपल्या नावावर मांडलेला हिशेब वाचता येणे हे शिकण्यातच मोडते.

मुकादमाची वही

आता सिरसाळ्याला परत येऊ. बीड जिल्ह्याला ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या भरतात आणि गावे रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याला मुकादमाकडून हंगामाआधी उचल मिळते आणि तोडलेल्या टनांतून ती फेडायची असते. किती टन भरले, खाडे किती धरले, दवाखान्याला मधे किती दिले, हे सगळे मुकादमाच्या वहीत. हंगाम संपला की मुकादम सांगतो, “एवढी बाकी राहिली.” ती बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत मिळते.

१८५९ नंतरचा सावकार जुना रोखा बदलून नवा करायचा, ते आठवा. कागद बदलला, पद्धत तीच आहे. वेठबिगारी निर्मूलन कायदा १९७६ चा आहे आणि वेठबिगारीला मनाई करणारे संविधानाचे कलम २३ त्याच्याही आधीचे आहे. तरी या वहीची प्रत कामगाराच्या हातात पडत नाही.

आणि याहून मोठी गोष्ट पुढे आहे. त्या आईने बावीस हंगाम उचल घेतली आणि बावीस हंगाम फेडली. बँकेच्या भाषेत बोलायचे तर बावीस वेळा कर्ज घेऊन बावीस वेळा परतफेड. तिचा पत-अहवाल काढून बघितला. त्यात काहीच नाही. कर्जाचा इतिहास नाही, म्हणून गुणही नाहीत. तिच्या घामाने झालेली परतफेड ज्या वहीत आहे, ती वही कुणी पतपुरावा मानत नाही. मुलगा मात्र अहवालात आहे आणि तोही डाग घेऊन.

नवी वही

ही नवी वही कशी आली ते थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २००० मध्ये सिबिल ही कंपनी स्थापन झाली. २००५ मध्ये संसदेने पतविषयक माहिती कंपन्यांचे नियमन करणारा कायदा केला. आज देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपण चौघींच्या अहवालालाही ‘सिबिल’च म्हणतो. बँका, वित्त कंपन्या आणि बचत गटांना कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्या प्रत्येक कर्जदाराची माहिती त्यांना पाठवतात. त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण पडतात.

मायक्रोफायनान्सचे आपल्या बायाबापड्यांना ठाऊक असलेच पाहिजे. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात एकेका बाईवर अनेक कंपन्यांची कर्जे लादली गेली, वसुलीच्या छळाने आत्महत्या झाल्या आणि राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला. त्यानंतर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने या कंपन्यांना पत-माहितीच्या जाळ्यात आणले. म्हणजे गटाच्या बैठकीत सही करून घेतलेले दहा-वीस हजारांचे कर्जसुद्धा आता त्या बाईच्या नावावर नोंदले जाते. तिच्या नावावर दुसऱ्याच कुणी कर्ज उचलले असेल तर तेही तिथेच दिसते. पण ती बघेल तेव्हा.

त्या तरुणाचा अहवाल आम्ही विहारातच मोबाइलवर काढला. दोन गोष्टी निघाल्या. तीन वर्षांपूर्वी त्याने हप्त्यावर मोबाइल घेतला होता. सगळे हप्ते फेडले, पण शेवटच्या हप्त्याच्या वेळी खात्यात पैसे कमी होते. दंड धरून १,१८० रुपये थकले आणि ते त्याला कुणी कळवले नाही. तेवढ्यासाठी महिन्यामागून महिना त्याच्या नावापुढे ‘थकीत’ पडत गेले. दुसरी गोष्ट याहून वाईट. त्याच्याच नावाच्या, पण वेगळी जन्मतारीख आणि वेगळा पत्ता असलेल्या कुणाचे तरी एक कर्ज त्याच्या अहवालात घुसले होते.

पहिली चूक त्याची, अजाणतेपणी झालेली. दुसरी त्याची नव्हतीच. पण दोन्हींची शिक्षा त्यानेच भोगली, कारण तीन वर्षांत त्याने ती वही एकदाही उघडून बघितली नव्हती. थकबाकी भरून लेखी दाखला घेतला. दुसऱ्या कर्जाविरुद्ध कंपनीकडे तक्रार नोंदवली आणि महिन्याभरात ती नोंद निघाली. थकल्याचा जुना डाग मात्र लगेच पुसला जात नाही. त्याचा टेम्पो अजून दारात आलेला नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण अहवाल बघितला की दुसऱ्या दिवशी कर्ज मिळते असे खोटे आश्वासन आम्हाला द्यायचे नाही.

दोन आक्षेप

आमचे काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, ही सगळी भांडवलदारांची भाषा आहे. शोषण व्यवस्था करते आणि तुम्ही माणसाला सांगता की तू तुझे गुण सुधार. या आक्षेपात तथ्य आहे. पत-अहवालात जातीचा रकाना नाही, हे खरे. पण ज्यांच्या घरात तीन पिढ्यांपूर्वीच बँकेचे पासबुक आले, त्यांचा इतिहास भरलेला असतो आणि ज्यांना बँकेच्या पायरीवर उभे केले नाही, त्यांचा रकाना कोरा असतो. समाजाने नाकारलेली संधी माणसाची वैयक्तिक उणीव म्हणून छापली जाते. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही हे शिकलो आणि सिरसाळ्यात ते डोळ्यांनी बघितले.

पण म्हणून वही वाचायचीच नाही? १८७५ मध्ये वही जाळता आली, कारण ती एका गावात, एका पेटीत होती. आजची वही जाळता येत नाही. तिच्याशी भांडायचे तर आधी ती वाचावी लागते. त्या तरुणाच्या अहवालात घुसलेले परके कर्ज व्यवस्थेच्या निषेधाच्या घोषणेने निघाले नसते. ते तक्रारीने निघाले. आणि व्यवस्थेवरचा आपला आरोप सिद्ध करायलाही असेच वाचलेले शंभर अहवाल हातात लागतात.

दुसरा आक्षेप असा की ‘आम्ही कर्जच घेत नाही, मग बघायचे कशाला?’ कर्ज घेत नसाल तर बघणे अधिक गरजेचे आहे. तुमच्या आधार आणि पॅनच्या झेरॉक्स किती दुकानांत, किती एजंटांकडे पडल्या आहेत ते आठवा. कुणाला जामीन राहिला असाल तर तेही कर्ज तुमच्या अहवालात दिसते. उद्या मुद्रा योजनेतून कर्ज मागायला गेलात तर बँक हा अहवाल उघडणारच आहे. तिने उघडण्याआधी आपण उघडावा.

काय करायचे

१ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कंपन्या चार, म्हणजे वर्षात चार अहवाल फुकट. आम्ही विहारात त्यासाठी चार दिवस ठरवले आहेत : ३ जानेवारी, सावित्रीमाईंची जयंती, १४ एप्रिल, भीमजयंती, २० जुलै, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तो दिवस, आणि १४ ऑक्टोबर, धम्मदीक्षेचा दिवस. प्रत्येक दिवशी एका कंपनीचा अहवाल. ऊसतोडीला जाणाऱ्यांचा १४ ऑक्टोबरचा अहवाल गाडी भरण्याआधी होतो, जानेवारीचा फडावर मोबाइलवर. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्याने गुण कमी होत नाहीत. ही भीती मनातून काढा.

अहवाल उघडला की आधी नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ता तपासा. मग कर्जांची यादी. न घेतलेले कर्ज आहे का? फेडलेले कर्ज अजून चालू दिसते का? ‘क्लोज्ड’ आणि ‘सेटल्ड’ यांतला फरक ओळखा. ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण फेडले. ‘सेटल्ड’ म्हणजे तडजोड करून कमी पैशांत मिटवले, आणि पुढची बँक त्याचा अर्थ ‘पूर्ण फेडले नाही’ असाच घेते. वसुलीवाला “एवढे भरा, मिटवून टाकू” म्हणाला तर सही करण्याआधी हा फरक आठवा. २०१७ किंवा २०१९ च्या कर्जमाफीत बसलेल्यांनी ते खाते कसे दाखवले आहे ते जरूर बघावे.

चूक दिसली तर त्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निवारण झाले पाहिजे. झाले नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा नियम २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. ‘सिबिल क्लिअर करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाला दारात उभे करू नका. नोंद बरोबर असेल तर ती कुणी पुसू शकत नाही आणि चूक असेल तर दुरुस्ती फुकट होते.

बँकेने कर्ज नाकारले तर तिने बघितलेल्या अहवालाची प्रत मागा. २००५ च्या कायद्याच्या कलम २१ ने तो हक्क दिला आहे. आणि ‘तुझा इतिहासच नाही’ म्हणून कुणी परत पाठवले तर सांगा की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ त्या कारणाने फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेचेच म्हणणे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनेही ते लोकसभेत सांगितले आहे.

एवढे वैयक्तिक झाले. सामूहिक मागणी वेगळी आहे आणि ती सोडायची नाही. उचलीचा करार कागदावर हवा. त्याची प्रत कामगाराच्या हातात हवी. टनांची पावती रोजच्या रोज हवी. आणि बावीस हंगाम फेडणाऱ्या बाईची परतफेड तिची पत म्हणून मोजली गेली पाहिजे. १८७९ च्या कलमांत पावती होती, वार्षिक हिशेब होता, पासबुक होते. दीडशे वर्षांनी ऊसतोड कामगार त्याहून काही जास्त मागत नाही.

गेल्या १४ एप्रिलला मिरवणुकीआधी विहारात एकोणीस जणांचे अहवाल काढले. ती आईही आली होती. अक्षर ओळख नाही, म्हणून मुलाने वाचून दाखवले. तिचा रकाना अजून कोराच आहे. तिने विचारले, “ह्यात मुकादमाची बाकी कुठं लिवलीय?” आम्ही सांगितले, ती इथे लिहीत नाहीत. ती म्हणाली, “मंग ती वही बी बघायला मागा की.”

येत्या १४ ऑक्टोबरला, गाड्या भरण्याआधी, सिरसाळ्यातून तेच मागायला जाणार आहोत. तुमच्या गावातही मागा.

नमो बुद्धाय. जय भीम.